ब्रेक लागला की

ब्राह्मणपारा, रायपूर
३ फेब्रुवारी २००२

तीर्थस्वरूप सौ. विनोदिनीताईस,
दिवाकरचा शि. सा. नमस्कार वि. वि.

भाऊजींनी मला विकलेली गाडी ब्रेक लागला की थरथरते. फोनवर मी ओरडतो असं तू म्हणतेस, म्हणून शांतपणे लिहितो आहे. एरवी गाडी मुकाट चालते. ऑफिसातून येताना गोल बाजाराच्या गर्दीत ब्रेकवर पाय ठेवला, की स्टिअरिंग हातात असं हलतं की मनगटावरचं घड्याळ वाजतं. गाडी आणून दीड महिना झाला. पहिले पंधरा-वीस दिवस बरे गेले, मग हे सुरू झालं.

संशय मला पहिल्या दिवसापासून होता, आता लपवत नाही. रोज फडक्यानं पुसलेली गाडी भाऊजींनी एकाएकी विकायला काढली आणि भावावरून दोन शब्दही बोलले नाहीत. चावी देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात भलतीकडेच धरून उभे होते. मन साफ असलेला माणूस नजर चुकवत नाही. गाडी कुठंतरी ठोकलेली असणार, कुणाला लागलंही असेल, आणि रंग मारून ती घरच्याच माणसाच्या गळ्यात बांधली. घरातही मी सगळ्यांना हेच सांगितलं आहे.

भनपुरीच्या दयाराम मिस्त्रीला दाखवली. तो मुळात ट्रकवाला, पण रायपूर राजधानी झाल्यापासून साहेबांच्या गाड्याही त्याच्याकडे येतात आणि तो कुणाशी धड बोलत नाही. त्यानं ब्रेकचे पॅड बदलले. काही फरक नाही. शेवटी म्हणाला, भैया, गाड़ी कहीं लगी होगी. मी त्याला आधी एक शब्द बोललो नव्हतो, हे लक्षात घे.

मंजिरीला मामा मी एकटाच. मे महिन्यात तिला मंडपात आणायचं मलाच आहे. पण याचा खुलासा झाल्याशिवाय मी नागपूरला पाऊल टाकणार नाही, आईलाही पाठवणार नाही. लोभ आहे तेवढा राहू दे. वाढव असं या खेपेस लिहवत नाही.

तुझा
दिवाकर

---

नागपूर
११ फेब्रुवारी २००२

चि. दिवाकर यास,
विनोदिनीचे अनेक आशीर्वाद.

लहानपणी तुझी गोटी हरवली की तू साऱ्या गल्लीतल्या पोट्ट्यांचे खिसे उलटे करायचास. गोटी तुझ्याच मुठीत असायची. पत्र वाचताना मला तेच आठवलं आणि आधी हसू आलं. शेवटचा परिच्छेद वाचल्यावर मात्र आलं नाही.

यांना पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. मला वाटलं चिडतील. ते एवढंच म्हणाले, की गाडी कुठंही ठोकलेली नाही, आणि मला कागद घेऊन बसवलं. यांची तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात चाकांचा आवाज ऐकण्यात गेली आहेत, तेव्हा सांगतात तसं कर.

आधी हे बघ, की नक्की हलतं काय. स्टिअरिंग हलत असेल तर दोष पुढच्या चाकांत, बसायची जागा हादरत असेल तर मागच्या. मग मोकळ्या रस्त्यावर, मागंपुढं कुणी नसताना, अगदी हळू जाताना हँडब्रेकचं बटण दाबून ठेवून तो थोडासा ओढायचा. तो फक्त मागच्या चाकांना लागतो. तेव्हा गाडी थरथरली नाही तर मागचं सगळं ठीक. नंतर दयारामला पुढचं चाक काढून डिस्क, म्हणजे ब्रेक ज्या लोखंडी थाळीला पकडतो ती, हातानं फिरवायला सांग. शेजारी एक पेन्सिल न हलवता धरा. थाळी कुठं पेन्सिलीला लागली आणि कुठं सुटली, तर ती वाकलेली आहे. खरादावर, म्हणजे लेथवर, घासून सरळ होईल. परत बसवताना चाकाचे नट आमनेसामनेचे आणि सारखे आवळायचे.

गाडी का विकली ते आत्ता विचारू नकोस. तू येणार नाहीस हे मंजिरीला सांगितलेलं नाही. तिनं तुझ्या फेट्याचं कापड आणून ठेवलंय, गुलबक्षी. तू आरशात बघशील तेव्हा रागावशीलच, म्हणून आधी कळवते. आईला नमस्कार. राग संपला की उरलेला लोभ इकडं पाठव.

तुझी
ताई

---

रायपूर
९ मार्च २००२

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊजींनी सांगितलं ते सगळं केलं. हलतं ते स्टिअरिंगच. हँडब्रेक ओढून पाहिला, गाडी शांत. पेन्सिल धरली तर थाळी एका जागी घासत होती, दुसऱ्या जागी नखाएवढी फट. दोन्हीकडची तीच गत. खरादावरून सरळ करून आणल्या, नट माझ्यासमोर आवळले. गाडी लोण्यासारखी थांबायला लागली. भाऊजींना पत्र लिहायला बसणार होतो.

पंधरा दिवसांत थरथर परत आली. आता सांग, सरळ केलेलं लोखंड आपोआप वाकतं का? एक तर दयारामनं माझ्या थाळ्या काढून कुणाच्या तरी जुन्या घातल्या, नाहीतर गाडीची चौकटच मोडलेली आहे आणि भाऊजींना ते ठाऊक आहे. दयाराम म्हणतो, मी या वयात तुमच्या थाळ्या चोरून काय पूजेला मांडू? उत्तर चोख होतं, म्हणूनच मला जास्त संशय आला. आणि तू लिहितेस, का विकली ते विचारू नकोस. ताई, त्या एका वाक्यानं माझी खात्री झाली.

इकडं बाकी सगळं ठीक. आईचे गुडघे दुखतात. तिलाही गाडीचा भरवसा वाटत नाही. मी ऑफिसातून आलो की बादली घेऊन दारात उभी असते, पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी ओतते आणि मगच मला आत घेते. तुम्ही लोकांनी म्हातारीलाही घोर लावून ठेवलाय. फेट्याचं कापड कुणाला तरी दुसऱ्याला द्या.

दिवाकर

---

नागपूर
१७ मार्च २००२

चि. दिवाकरला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दाखवताना आईच्या बादलीचं वाक्य मी भरभर वाचलं, घरचं आहे म्हणून. यांनी मला थांबवलं. परत वाच म्हणाले. तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि हसत सुटले. कित्येक महिन्यांनी हसले म्हणून मी रागावले नाही.

गोल बाजारातून पावलोपावली ब्रेक मारत येतोस, तेव्हा त्या थाळ्या तव्यासारख्या तापलेल्या असतात. जवळ हात नेलास तर चटका बसेल. त्यावर आई रोज बादलीभर गार पाणी ओतते. तापलेलं लोखंड एका बाजूनं एकदम निवलं की वाकतं, असं हे म्हणतात. नव्या थाळ्या आणल्यास तरी आई त्या पंधरा दिवसांत वाकवेल. दयारामची माफी माग.

बाबा दौऱ्यावरून आले की आई त्यांच्या पायांवर आणि सायकलीच्या चाकांवर पाणी घालायची, आठवतं? वाटेतलं काही घरात यायला नको म्हणून. पण तुझ्या चाकांवर ती का घालायला लागली, ते तूच आठव. या गाडीखाली कुणी आलं असेल, असं घरात कुणी सांगितलं होतं?

आता का विकली ते. यांना काचबिंदू आहे. उजव्या डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही, डावाही कमी झालाय. डॉक्टरांनी गाडी त्याच दिवशी बंद करायला लावली. मुलीच्या घरात डोळ्यांचं दुखणं आहे असं व्याह्यांकडं कुणी म्हणू नये, म्हणून आम्ही कुणालाच बोललो नाही. तुलाही नाही, ही माझी चूक. गेल्या रविवारी हे स्वतः जाऊन व्याह्यांना सांगून आले. ते म्हणाले, चहा घ्या. एवढंच.

तुझी पत्रं मी वाचून का दाखवते, हे तुला विचारावंसं वाटलं नाही. नजर चुकवतात म्हणून लिहिलं होतंस, तेव्हा मी ते वाक्य गाळलं होतं.

ताई

---

रायपूर
२१ एप्रिल २००२

ती. सौ. ताईस आणि ती. भाऊजींस,
दिवाकरचा दोघांच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

उत्तराला महिना लागला. थाळ्या पुन्हा सरळ करून आणल्या आणि खात्री होईपर्यंत थांबलो. महिनाभर पाणी नाही, महिनाभर थरथर नाही. दयारामची माफी मागितली. तो म्हणाला, मांजी को बोलो, हमारे गराज में आके पानी डालें, धंदा चलेगा.

आईला कसं सांगावं हे मला कळेना. दोन दिवस मी बूढ़ा तालाबाजवळ अर्धा तास गाडी थंड करत बसलो आणि मगच घरी गेलो. तिसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, काहून उशीर होऊन राहिला. सगळं सांगितलं. तिनं हातातली बादली खाली ठेवली. मग म्हणाली, तूच तर बोलला होता का ह्या गाडीखाली कोणी मेलं असंन म्हणून, मी काय हौसेनं ओतत होती का. मले तुझा घोर होता.

ताई, मी संशय घेतला म्हणून तिनं पाणी ओतलं, पाणी ओतलं म्हणून थाळ्या वाकल्या, आणि थाळ्या वाकल्या म्हणून माझा संशय खरा ठरला. गोटी माझ्याच मुठीत होती. मला फार लाज वाटते, आणि ती तुझ्यापेक्षा भाऊजींची जास्त वाटते. हे वाक्य गाळू नकोस, त्यांना वाचून दाखव.

दहा मेला आईला घेऊन त्याच गाडीनं निघतो. आता आई चाकांना हात लावत नाही, माझ्या पायांवर तांब्याभर पाणी घालते आणि डोक्यालाही दोन थेंब लावते. तिथंच जास्त तापतं म्हणते. गुलबक्षी तर गुलबक्षी, फेटा मीच बांधणार. मंजिरीला सांग, मामा येतो आहे.

भाऊजींना एक विनंती. मी आलो की त्यांनी माझ्या शेजारी बसावं, चक्कर मारून आणतो. थोडी जरी थरथर उरली असेल तरी त्यांना कळेल. त्या दिवशी चावी त्यांनी भलतीकडे धरली होती, आणि मी ती हिसकावल्यासारखी घेतली. या खेपेस त्यांनी हात कुठंही धरावा, मी माझा हात तिथं नेईन.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुमचा
दिवाकर