स्लॅबखाली बसलेलं स्थळ

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घातला आहे, शिडी चढून-उतरून कंबर धरली आहे, खाली वाकले तर उठवायला दोन माणसं लागतील). आतोबांचा खोकला कसा आहे? आणि तू औषधं वेळेवर घेतेस ना, की सगळ्या गल्लीला आठवण करून द्यायची आणि आपण विसरायचं, हेच अजून चाललंय? इकडे सगळे ठीक आहेत. मीसुद्धा ठीक आहे, फक्त रागाने धुमसते आहे. गेले पंधरा दिवस तू फोन करतेस, मुलगा कसा वाटला, हो की नाही ते एकदाचं सांग, त्यांची माणसं खोळंबली आहेत. मी टाळत होते. आज सांगते. माझं उत्तर नाही असं आहे. पण नुसत्या 'नाही'वर गप्प बसशील तर तू आमची आत्या कसली! म्हणून कारणासकट वाच, आणि मग त्यांना कळव.

तुझ्या बाहेरच्या खोलीत आम्ही समोरासमोर बसलो होतो तो दिवस आठव. कडक इस्त्रीचा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस, आणि चहा संपायच्या आत तुझ्या स्थळाने खिशातून काढलं काय, तर प्लॅस्टिकची पुडी! आत पांढरे बारीक तंतू. (तुला ते उशीत भरायचं काहीतरी वाटलं आणि तू भाव विचारलास.) मग आम्हाला पाऊण तास ऐकवण्यात आलं की हे नायलॉनच्या जातीचे तंतू काँक्रीटमध्ये मिसळले की तडा म्हणून जात नाही, आणि याच आठवड्यात एका गोदामवाल्याचं निम्मं लोखंड आपण कसं वाचवलं. आतोबांनी वाहवा केली. मी बांधकामावरची इंजिनिअर, पण मुलगी पाहायला आलेल्यांसमोर कशाला हुज्जत, म्हणून जीभ आवरून बसले. तिथेच चुकलं माझं.

कारण दुसऱ्या दिवशी मी साइटवर परत आले, तर गोदामाच्या दारापुढच्या पोर्चची स्लॅब ओतून झालेली, आणि त्या स्लॅबमध्ये जायच्या सळयांपैकी निम्म्या आवारात गवतावर आरामात पहुडलेल्या! म्हणजे तो गोदामवाला आमचाच मालक. माझी एका दिवसाची रजा त्याने साधली होती. वर आमच्या मिस्त्रींनी डोकं लावलेलं: थोड्या तंतूंनी एवढी ताकद येते तर तिप्पट घालू, म्हणून आवारातल्या सगळ्या पिशव्या मिक्सरमध्ये रिकाम्या केल्या. माल जटेसारखा गुंतला, तो सुटावा म्हणून पाणी ओतलं, आणि स्लॅब वाळली तेव्हा तिला केस आलेले. (खोटं वाटेल तुला. हात फिरवला तर टोचायचे.) मालक येणार म्हणून मिस्त्रींनी बत्ती पेटवून तिची हजामत केली आणि आवारभर जळक्या प्लॅस्टिकचा वास भरला. मी विचारलं तर मालक म्हणाले, बाई, जग कुठे चाललंय आणि तुम्ही अजून लोखंडच कवटाळून बसलाय.

आता खालचे टेकू काढायची वेळ आली, आणि टेकू काढायला सही लागते माझी. मी देईना. म्हणून शनिवारी मालकांनी बैठक बोलावली. आराखडा करून देणारे सल्लागार आले (आम्ही त्यांना 'बघूया साहेब' म्हणतो, कारण दुसरं काही ते बोलत नाहीत). तंतूवाल्या कंपनीचा माणूस आला, आणि तो कोण, तर तुझं स्थळ! तोच शर्ट, तीच पुडी. मला पाहून ते हसलं, आत्या. मला कोपऱ्यातली घमेली फेकून मारावीशी वाटली. तासभर तिघांनी मला विज्ञान शिकवलं. लिहून द्या म्हटलं की बघूया साहेबांच्या पेनातली शाई संपायची. शेवटी माझं डोकं फिरलं. ऑफिसातली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, स्लॅबखाली मधोमध नेऊन मांडली आणि म्हटलं, सही आत्ता करते, पण टेकू निघत असताना ज्याला खात्री आहे त्याने इथे बसायचं. मालकांना लगेच दाताच्या डॉक्टरची वेळ आठवली. बघूया साहेब आयुष्यात पहिल्यांदा दुसरं काहीतरी बोलले. 'निघूया' म्हणाले.

आणि तुझं स्थळ जाऊन बसलं! अगं, खरंच बसलं. मांडीवर पुडी, हात गुडघ्यांवर, जणू फोटो काढायचा आहे. मिस्त्री हातोडा घेऊन पहिल्या टेकूपाशी उभे, माझ्याकडे बघताहेत. स्लॅबच्या पोटाला दोन चिरा मी सकाळीच पाहिल्या होत्या. मी इतक्या जोरात ओरडले की रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला बाहेर आला. तरी हे उठेना. कंपनीने शिकवलंय, म्हणे, काही होत नाही. मी विचारलं, स्वतःचं माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचलंय? तर म्हणे पहिली चार पानं पाठ आहेत, शेवटच्या पानावर पत्ता वगैरे असतो. मी ते पान नाकासमोर धरलं. पत्त्याच्या वर बारीक अक्षरात छापलं होतं: हे तंतू काँक्रीट सुकताना पडणाऱ्या बारीक चिरा रोखतात, भार पेलणाऱ्या लोखंडाला पर्याय नाहीत. त्याने दोनदा वाचलं. वर स्लॅबकडे पाहिलं. मग उठलं आणि थेट फाटकाबाहेर चालू पडलं. झालं, म्हटलं, तिसराही पळाला. जो माणूस स्वतः विकतो त्या मालाचा कागद वाचत नाही, त्याच्याबरोबर मी संसाराच्या कुठल्या कागदावर सही करू? तेव्हा नकार कळव. गोड शब्दांत कळव, पण कळव.

आतोबांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. पाकीट बंद करायचं राहिलं होतं, म्हणून हे दोन दिवसांनी लिहिते. तो पळाला नव्हता. बाहेर जाऊन त्याने मालकांची गाडी अडवली, आणि सोमवारी कंपनीच्या कागदावर लिहून, खाली सही करून आणून दिलं: मी चुकीचं सांगून माल विकला, ही स्लॅब तोडावी. आता मालकांना सुटायला फट राहिली नाही. कंपनीने त्याला त्याच संध्याकाळी काढून टाकलं.

ता. क. २. आज स्लॅब तोडली. घण घातले तरी तुकडे धडाधड पडेनात, तंतूंना धरून लोंबत राहिले. मिस्त्रींनी कात्रीने कापले. तो दिवसभर राडारोडा उचलत होता. इस्त्रीचा शर्ट पार कामातून गेला. जाताना त्याने मला विचारलं, अजून काय काय वाचायला हवं?

ता. क. ३. इथवर वाचायच्या आधीच नकार कळवला असशील तर आजच फिरव. मुलगी चक्रम आहे म्हण, काहीही म्हण. आणि मुलाची नोकरी गेल्याचं बाबांना तूच सांग, ते तुझंच ऐकतात. मी मालकाची स्लॅब पाडून घेतली, तेवढं धाडस या आठवड्याला पुरे झालं.