सुमतीआत्याचा गौरव

गुरुप्रसाददादा,

काल लिटिल इंडियातल्या हॉलमध्ये तू सुमतीआत्यावर बोललास. साठच्या दशकात इथल्या हॉटेलांत रिदम अँड ब्लूजची इंग्रजी गाणी गाणारी आमची आत्या, घराण्याची शान, असं म्हणालास. तुझ्या लेकीच्या, अवनीच्या लग्नात "ती क्लबात गाणारी बाई नको" असं तूच म्हणाला होतास. त्या दिवशी ती माझ्या फ्लॅटवर नवी साडी नेसून बसून राहिली.

शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलमध्ये तिनं विचारलं, "गुरू येतोय ना?" मी हो म्हटलं. तू आला नाहीस.

काल तुझं भाषण संपल्यावर सगळे उभे राहिले. मीही उभी राहून टाळ्या वाजवल्या. तुझ्या भाषणापेक्षा मला माझ्या त्या टाळ्यांची शिसारी जास्त येते.

तुझी म्हणवत नाही, तरी बहीणच,
चैताली