पहिलं कलम

जळोची, मंगळवार, संध्याकाळ

वाचनालयात गेले होते नोकरीच्या जाहिराती बघायला, आणि तीन दिवस कोरियाच्या इतिहासाचंच पुस्तक घेऊन बसलेय. आज अडकले ते जपानशी झालेल्या कराराच्या पहिल्या कलमावर: कोरिया हा स्वतंत्र देश आहे. वाटलं, किती मानानं लिहिलंय. पुढं कळलं, तो मान कोरियाला चीनच्या वर्चस्वापासून तोडण्यापुरता होता. मग बंदरं उघडायला लावली, आणि शेवटी जपाननं आख्खा देशच गिळला.

दुपारी दादा शेळगावहून आला, वाट वाकडी करून भिगवणचे मासे घेऊन. चहा पिताना म्हणाला, "तू काय बाय, स्वतंत्र हायस. आज हितं, उद्या तितं. रानाचं लोढणं तुला कशाला?"

मी हसत म्हटलं, "आज लईच मान देतोयस." तोही हसला. उद्या इंदापूरला हक्कसोडपत्रावर सही करायचीय, म्हणजे आमचे वडील, आबा, यांच्या रानातला माझा वाटा त्याचा. मी व्हय म्हणून बसले.

स्वतंत्र. घरात हा शब्द माझ्यासाठी आजवर कुणी वापरला नव्हता. भटकी म्हणायचे. ते पहिलं कलम वाचून सही करणाऱ्या कोरियन माणसांनाही बरं वाटलं असेल का?

मासे अजून पिशवीतच आहेत. शिजवले तर उद्या जावंच लागेल, असं वाटतंय.