शेजारच्या सीटवरचा ब्रेक

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकली आहेत. उरलेली तू मनाने टेकवून घे.) तुझा गुडघा कसा आहे? चढताना दुखतो की उतरताना, हे तू फोनवर नीट सांगितलं नाहीस. गुडघ्याचं गाऱ्हाणं असलेल्या मुख्याध्यापिकेची खोली शाळेच्या वरच्याच मजल्यावर का असते, हेही मला आजवर समजलेलं नाही. भावोजींचा रक्तदाब बरा असेल. नसेल तर हे पत्र त्यांना अर्धंच वाचून दाखव. कुठलं अर्धं, ते तुझं तू ठरव.

भावोजींना आमच्यासारखीच मोठी सात जणांची गाडी घ्यायची आहे, म्हणून त्यांनी तीन प्रश्न विचारले होते. गाडी आरामशीर आहे का, भरवशाची आहे का आणि सुरक्षित आहे का. ते विचारत असताना तू मागून म्हणालीस, ‘ते राहू दे, आधी आपल्या अप्पांच्या हातून किल्ली काढून घे.’ भावोजींचे प्रश्न तीन आणि तुझा हुकूम एक, पण जड कोणाचं पारडं ते तुला ठाऊक आहे. म्हणून सोप्यापासून सुरुवात करते.

आरामाचं विचारशील तर गाडी फार आरामशीर आहे, नको तितकी. मधल्या रांगेतली सीट मागे कलते, पायाखाली फळी येते आणि पाठीला ऊब मिळते. हा उबेचा शोध आमच्या सासूबाईंना पहिल्याच आठवड्यात लागला. तेव्हापासून त्या जेवण झालं की ‘जरा गाडीत पडते’ म्हणतात आणि अंगणात उभ्या असलेल्या गाडीत जाऊन दोन तास झोपतात. बरोबर उशी, चष्मा आणि पाण्याची बाटली नेतात. समोरच्या घरातल्या शिक्षिकेने मला परवा बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, ‘घरात जागा कमी पडते का गं?’ आता सुनेने सासूला गाडीत काढलं, असं गल्लीत पसरलं असणार. मी खुलासा करायला गेले तर सासूबाईच काचेतून म्हणाल्या, ‘मला इथं काही त्रास नाही हो.’ झालं. शिवाय दारं आपोआप सरकतात. किल्ली खिशात असली आणि मी जवळून गेले की दार उघडतं. मी कपडे वाळत घालते त्या दोरीची वाट गाडीवरूनच जाते, तेव्हा एक चादर घातली की दार उघडतं, दुसरी घातली की मिटतं. इतक्या अगत्याने आमच्या घरात माझ्यासाठी कोणी उठत नाही, म्हणून मी गाडीला काही बोलत नाही.

आता भरवसा. इंजिन एकदाही अडलेलं नाही. पण गाडी स्वभावाने चिंतातुर आहे, आपल्या धाकट्या मावशीसारखी. पुढच्या चाकात हवा कमी आहे असं तिला दर सोमवारी वाटतं. हवा भरून आणली की मागच्या चाकाबद्दल वाटतं. मी तीनदा मिस्त्रीकडे नेली. त्याने गाडीभोवती फेरी मारली, प्रत्येक चाकाला लाथ घातली, हात पुसले आणि म्हणाला, ‘ताई, हिला काही झालेलं नाही. हिला नुसतं वाटतंय.’ (असं स्पष्ट निदान माझ्या कंबरेबद्दल अजून कुठल्या डॉक्टरने केलेलं नाही.)

राहिली सुरक्षितता. इथून पुढचं सावकाश वाच, कारण ही गाडी आम्ही का घेतली ते मी तुला खरं सांगितलं नव्हतं. भावोजींना मी म्हटलं होतं की लेकीची सायकल आणि सासूबाईंची उशी एकाच वेळी मावाव्यात म्हणून घेतली. खोटं नाही, पण खरंही नाही. जुन्या गाडीने अप्पांनी वर्षभरात फाटकाचे दोन्ही खांब खरवडले होते. पुढे वळणावर त्यांना डावीकडून येणारा सायकलवाला दिसला नाही. सायकलवाला वाचला, त्याच्या पिशवीतली अंडी नाहीत. अप्पांची मान डावीकडे वळत नाही, ताई. उजवीकडे वळते, समोर बघते, वर बघून हवेचा अंदाजही घेते, पण डावीकडे म्हटलं की भिंत लागते. हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि अप्पांना कोणी सांगायचं, हे कोणालाच माहीत नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, अर्ध्या गावाला क्लच कसा सोडायचा ते शिकवलं, ज्याला पोलीससुद्धा ‘मास्तर’ म्हणून वाट देतात, त्याला ‘आता पुरे’ कोण म्हणणार? आमचे हे म्हणाले, तुझे वडील आहेत, तू सांग. मी म्हटलं, ताई मोठी आहे, ती सांगेल. तू फोनवर सांगितलंस, पण मलाच. तेव्हा आम्ही भ्याड माणसं करतात ते केलं, यंत्र आणलं. दुकानातल्या विक्रेत्याने सांगितलं होतं की ही गाडी चालवणाऱ्याच्या चुका टिपते, त्याला टोकते आणि प्रत्येक फेरीनंतर शंभरांपैकी गुण देते. मला वाटलं, गाडीच अप्पांना नापास करील, आपण नुसतं हळहळायचं.

पहिल्या आठवड्याचे गुण असे: आमचे हे एकाहत्तर, मी अठ्ठावन्न, अप्पा चौऱ्याण्णव. अप्पा तीसच्या वेगाने रुळावरून गेल्यासारखे सरळ जातात, कुणाला ओलांडत नाहीत, ब्रेक लोण्यासारखा लावतात. डावीकडे बघितलं की नाही, याला गुण नाहीत. जेवताना पाणी मागायची वेळ आली तेव्हा ते ‘अठ्ठावन्न, जरा तो तांब्या सरकव’ एवढं म्हणाले. तेव्हापासून लेकीनेही मला अठ्ठावन्नच म्हणायला सुरुवात केली आहे. मी गाडी चालवायला बसले की दहाव्या मिनिटाला समोर चहाच्या कपाचं चित्र येतं आणि ‘थकला आहात, विश्रांती घ्या’ असं लिहून येतं. ताई, वीस वर्षांच्या संसारात हे मला पहिल्यांदा कोणीतरी म्हटलं. एकदा मी खरंच गाडी बाजूला घेतली आणि थोडी रडले. (त्याचे दोन गुण कापले.)

अप्पा मात्र गाडीचं काही ऐकून घेत नाहीत. ती पिंपिं करायला लागली की ते तिला उलट शिकवतात. ‘दिसतंय मला. ओरडू नकोस, शिकणारा बिचकतो.’ मागचं दाखवणाऱ्या पडद्यावर त्यांनी हातरुमाल टाकून ठेवला होता, कारण पडद्यात बघून गाडी मागे घेणारा ड्रायव्हर नव्हे, प्रेक्षक असतो. आणि दुसऱ्या कोणी चालवायला घेतली की ते शेजारी बसून पाय दाबत राहतात. त्यांच्या शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता ना, तो इथे नाही, हे त्यांच्या पायाला अजून कोणी कळवलेलं नाही. तिथली रबरी चटई टाचेएवढी झिजली आहे. नव्या गाडीची, सहा महिन्यांत.

मागच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी त्यांना दाढीचं सामान आणायला जायचं होतं. मी गाडी पुसत होते. पुसणं संपवून बादली मागेच ठेवली आणि आत गेले. अप्पांनी आरशात बघितलं, उजवीकडे बघितलं, गाडी मागे घेतली आणि गाडीने आपणहून करकचून ब्रेक मारला. मास्तरांच्या गाडीला असा ब्रेक मी जन्मात ऐकला नव्हता. सासूबाईंची उशी उडून शेवटच्या रांगेत जाऊन पडली. अप्पा बराच वेळ उतरले नाहीत. मग खाली आले, बादली बघितली, उचलली, तिच्यातलं पाणी नीट झाडाला घातलं आणि स्वयंपाकघरात येऊन किल्ली ओट्यावर ठेवली.

मी विचारलं, काय झालं.

‘ब्रेक लागला.’

‘मग बरं झालं की.’

‘मी नाही मारला. शेजारच्याने मारला.’

‘अप्पा, शेजारी कोणी नव्हतं.’

‘तेच म्हणतोय,’ ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले. ‘शेजारच्याला ब्रेक मारावा लागला की गडी नापास. मग त्याने बाकी सगळं सोन्यासारखं केलेलं असो.’

तुला तो नियम आठवत असेलच. सरकारी परीक्षेला पाठवायच्या आधी ते स्वतः परीक्षा घ्यायचे, मांडीवर वही ठेवून. त्यांचा पाय एकदा जरी त्या ब्रेकवर गेला तरी वही मिटायची. तुला त्यांनी दोनदा घरी पाठवलं होतं आणि आईने दोन्ही वेळा त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. मला पहिल्या फटक्यात पास केलं. (तेव्हा बाजाराच्या वळणावर त्यांचा पाय हलला होता, असं मला अजून वाटतं. मी कधी विचारलं नाही.)

तर तुझा हुकूम असा आपसूक अमलात आला. किल्ली माझ्याकडे आहे. कोणाला काही सांगावं लागलं नाही, कोणी दुखावलं नाही, यंत्राने काम केलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण अप्पा आता रोज दुपारी जेवण झालं की मला विचारतात, ‘किल्ली नीट ठेवलीस ना?’ मी हो म्हणते. मग ते जाऊन बंद गाडीत, चालकाच्या जागी बसतात. मागे सासूबाई झोपलेल्या असतात, पुढे अप्पा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसलेले. गाडी जागची हलत नाही आणि दोघंही अगदी व्यवस्थित प्रवासात असल्यासारखे दिसतात. परवा मी चहा घेऊन गेले तर अप्पा आरशासमोर मान डावीकडे वळवायचा सराव करत होते. वळत नव्हती. मी आलेली दिसल्यावर ते कॉलर नीट करायला लागले. पडद्यावरचा रुमाल त्यांनी काढून टाकला आहे. त्यांच्या शाळेच्या नियमाप्रमाणे नापास गड्याला पंधरा दिवसांच्या सरावानंतर पुन्हा परीक्षा देता येते, आणि त्यांनी कालनिर्णय बघून तारीखही धरली आहे: येत्या रविवारच्या पुढचा रविवार, सकाळी आठ.

भावोजींना नमस्कार, तुझ्या गुडघ्याला आशीर्वाद. पत्र लांबलं, पण तुला ठाऊक आहे, मला वळण घ्यायला जागा लागते.

तुझी,
अठ्ठावन्न

ता. क. : भावोजींना सांग, गाडी डोळे झाकून घ्या. वर जे जे लिहिलं आहे ते सगळं खरं आहे, तरीही घ्या.

ता. क. २ : मूळ मुद्दा राहिलाच. अप्पांना परीक्षक हवा आहे. आमचे हे चालणार नाहीत, कारण ते दुसऱ्या स्कूलमध्ये शिकलेले. लेकीचं वय नाही. मी म्हटलं, मी बसते शेजारी. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘तू पास करशील.’ मग म्हणाले, ‘थोरलीला बोलव. तिला सोडून द्यायची सवय नाही.’ तेव्हा तू परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळपर्यंत ये. गुडघ्याचं कारण चालणार नाही, मधली रांग उबदार आहे, सासूबाई सरकून घेतील. वही अप्पांनी काढून ठेवली आहे, पेनही.

ता. क. ३ : हे भावोजींना वाचून दाखवू नकोस. मंगळवारी मी आत गेले नव्हते. ‘आत जाते’ असं अप्पांना म्हटलं आणि मग नंबराच्या पाटीवर चिखल दिसला म्हणून गाडीच्या मागे, डाव्या बाजूला, बादलीशेजारी बसले होते. गाडी माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. अप्पा उतरेपर्यंत मी दुसऱ्या बाजूने मागच्या दाराने स्वयंपाकघरात पोचले होते, आणि ओट्याला धरून उभी होते. कंबर तेव्हाच धरली. त्यांना फक्त बादली दिसली, आणि ते एका बादलीपायी नापास झाले. आता त्या सीटवर बसून मी काय परीक्षा घेणार? ते माझ्याकडे एकदा बघतील आणि मी त्यांना पास करीन, नाहीतर सगळं सांगून टाकीन. दोन्ही नको.

म्हणून तू ये, ताई, आणि त्यांनी कितीही छान चालवली तरी पास करू नकोस. कारण विचारलं तर मान सांग. बादलीखेरीज तिथे कोणी होतं, हे आपल्या दोघींत राहू दे.