माफीचा कागद

मोहने, २ फेब्रुवारी २०२५

चि. योगिनीस, आत्याचे अ. उ. आ.

कामाच्या ठिकाणच्या देवधर्मावर अभ्यास करते म्हणून आमच्या मसाला कारखान्यात आलीस. प्रबंधात माझं नाव लपवलंस, पण पुढे लिहिलंस, पॅकिंगमधली डावखुरी बाई. अगं शहाणे, तिथे डावखुरी मी एकटीच! वर ते साहेबाला वाचायला दिलंस.

मी तुला बोललेली, की दुपारच्या सक्तीच्या ध्यानात मी डोळे मिटून भाजीचा विचार करते. माझी पूजा म्हणजे सकाळी मशीनला हात लावायचा, कपाळाला लावायचा, बस. साहेब म्हणतो, कंपनीची चेष्टा केली. पंधरा तारखेपर्यंत माफी लिहून द्या, नाहीतर घरी बसा.

फोनवर तू रडशील म्हणून कागदावर लिहिलं. जेवत जा वेळेवर.

तुझी आत्या
नंदा

माजिवडा, ६ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

चूक सगळी माझी. तुझी मुलाखत प्रबंधातून काढून टाकते, साहेबांना तसं पत्रही देते. तूसुद्धा दोन ओळी लिहून मोकळी हो ना गं. सतरा वर्षांची नोकरी आहे, घरात कमावणारी तू एकटी. माफी मागितलीस म्हणून देव थोडाच रागावणार आहे? हवं तर मला दोन धपाटे घाल, पण हट्ट करू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
योगिनी

मोहने, १६ फेब्रुवारी

चि. योगिनीस, अ. उ. आ.

मुलाखत काढलीस तर माझ्या दारात येऊ नकोस. देवाचं सोड, मला राग आलाय. हात कुठे जोडायचे ते मी साहेबाला का विचारू? मी आठ तास मसाला भरते त्याचा पगार तो देतो. डोळे मिटल्यावर आत काय चालतं त्याचा देत नाही.

काल साहेबाच्या केबिनमध्ये गेलेली. माफी टाईप करून तयार, फक्त सही करायची. मी कागद उलटा केला आणि मागे लिहिलं, बोलले ते खरं आहे, ध्यानाला बसणार नाही, काम सोडणार नाही. खाली पूर्ण नाव. चौथीपर्यंतचं अक्षर, पण वाचता येतं. साहेब म्हणाला, बाई, नीट विचार करा. म्हटलं, केला, तुमच्याच ध्यानात बसून केला. दाराशी पॅकिंगच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्याने कागद खणात टाकला आणि उद्यापासून येऊ नका म्हणाला.

आज रविवारची सुट्टी, उद्यापासून रोज सकाळी सातला मी गेटवर आहे. आत घेतलं तर मशीन चालू करीन. नाही घेतलं तर कारण लेखी मागीन, मिळेपर्यंत हलणार नाही. तुला यायचं तर वही घेऊन ये. रडणार असशील तर माजिवड्यालाच राहा.

लोभ आहेच, तो काही साहेबाच्या हातात नाही.

तुझी आत्या
नंदा