अन्नावरची वासना

मंगळवार, बोळिंज

दमले आहे. बोटांना अजून सुकेळीचा, वाळवलेल्या केळ्याचा चिकटपणा आहे.

प्रयोगशाळेतला तो उंदीर आजही दाण्यांपर्यंत गेला नाही. त्याच्या मेंदूतलं डोपामिन आम्हीच कमी केलंय. दाणे समोर असतात आणि तो नुसता बसून राहतो. पण गोड थेंब तोंडात सोडला की ओठ चाटतो. चव शाबूत आहे, ओढ गेली आहे.

येताना होळी गावात, माहेरी गेले. आई गेल्यापासून अप्पा ताटाला हात लावत नाहीत, भरवलं तर मात्र चवीने खातात. "म्हणजे नाटकच ना?" दादा म्हणाला. त्याला उंदराचं सांगावं? वडिलांना उंदराच्या पंगतीला बसवलं म्हणून चिडेल. आपल्यात म्हणतात ना, अन्नावरची वासना उडाली. मला वाटायचं, ते जिभेबद्दल आहे. ते या ओढीबद्दल आहे.

सुकेळीचा तुकडा मी अप्पांच्या तोंडात ठेवला. त्यांनी डोळे मिटून चघळला. मग ताटलीतला दुसरा स्वतःहून उचलला. मी बघतच राहिले. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"तू पन खा. दमलीस."

भूक नव्हती. खाल्ला.