एकतीस पानांची साक्ष

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय पेटंटची वकिली, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिले नाही, ते बरेच झाले. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर धाकट्या भावाला. तो प्रयोगशाळेत यंत्रे दुरुस्त करायचा. मागल्या खोलीतले त्याचे टेबल होते तिथेच आहे. मी फक्त धूळ पुसते.

२. भौतिकशास्त्राची सर्व पुस्तके त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. मी या धंद्यात टायपिस्ट म्हणून शिरले. लोकांचे शोध टाइप करता करता लहरी आणि भिंगे समजू लागली, मग चाळिशीत परीक्षा दिली. सॉफ्टवेअरशी तर पन्नाशीनंतर झटापट केली. समासातल्या माझ्या चुका भाचीने खोडू नयेत. त्या करूनच मी शिकले.

३. भावाची काळी वहीही भाचीकडे राहावी. पाइपवर हलकी टिचकी मारायची, परत आलेला आवाज प्रोग्रॅमने ऐकायचा आणि तडा कुठे आहे ते सांगायचे, असा त्याचा शोध. शोध कोणाचा आणि कधीचा हे पुढे सिद्ध करता यावे म्हणून आमच्या धंद्यात अशा वहीचे पानन् पान कोणा परक्याने वाचून, ‘वाचले, समजले’ असे लिहून, तारीख घालून सही करायची असते. बहिणीची सही कोण मानणार? म्हणून मी माझ्या भागीदाराला बसवले. त्याला हाताला धरून मीच शिकवले होते. भावासारखाच तोही मला ताई म्हणायचा.

तीन दुपारी बसून त्याने एकतीस पानांवर सह्या केल्या. सतराव्या पानावर तर त्याने विचारले, पाइप रिकामा असला तर काय? भावाने खूश होऊन उत्तर तिथेच समासात लिहिले.

चार महिन्यांनी तोच शोध एका कंपनीच्या नावाने दाखल झाला. अर्ज भागीदाराने लिहिला होता. समासातले ते उत्तर त्यात जसेच्या तसे होते, भावाचे नाव मात्र कुठेच नव्हते. आम्ही हरकत घेतली. सुनावणीत वही पुढे ठेवली, तेव्हा भागीदार शांतपणे म्हणाला, “सह्या माझ्याच आहेत. पण मी न वाचता केल्या.”

वही तिथेच निकामी झाली आणि पेटंट कंपनीला मिळाले. आम्ही घरी आलो. बूट काढताना भाऊ एवढेच म्हणाला, “ताई, तूच निवडलंस ना त्याला?”

त्यानंतर त्याने टेबलाला हात लावला नाही.

४. भागीदाराला काहीही देऊ नये. पेन नाही, छत्रीसुद्धा नाही. हे रागाने नाही. म्हणजे निव्वळ रागाने नाही. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा दंडक आहे, आणि मला तो साक्षीदार हवा आहे. निरोप पाठवला आहे, येतो म्हणाला. त्याने हे सगळे माझ्यासमोर मोठ्याने वाचावे. चष्मा विसरला तर माझा घ्यावा. मग आपल्या हाताने दोन ओळी लिहून सही करावी.

पेटंट अजून सहा वर्षे जिवंत आहे. शोधकर्त्याचे नाव तोवर दुरुस्त होऊ शकते. मला तेवढेच हवे आहे, आणि ते मी असेपर्यंत झाले तर या कागदाची घाई कोणी करू नये.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भाचीने करावी. टेबल हलवू नये.

सही: टायपिस्टबाई (ऑफिसात अजून हेच नाव चालते)
ठिकाण: राहते घर, मागली खोली
ता. ९ मार्च, दुपारी चार

साक्षीदार पहिला: शेजारच्या डॉक्टरीणबाई. वाचले, समजले. ता. ९ मार्च.

साक्षीदार दुसरा: भागीदार. मोठ्याने वाचले, समजले. ताई, त्या एकतीस पानांवरही मी वाचूनच सह्या केल्या होत्या. ता. ९ मार्च.